‘घरचा मामला’ आणि दवाखान्यात आलेली मुलगी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका आशाताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावातील वीस वर्षांची एक मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. निपाणीकडील दुसऱ्या जातीच्या मुलाशी तिचे प्रेम असल्याचे घरी कळले आणि तिचे कॉलेज बंद झाले, मोबाईल काढून घेतला गेला. दोन महिन्यांत ती घराबाहेर दिसलेली नाही. ‘रक्त वाढायच्या गोळ्या द्या’ म्हणून आई तिला घेऊन आली तेव्हा ती पार वाळून गेली होती, पाळी चुकली होती आणि तिला अधूनमधून झटके येतात असे आईच सांगत होती. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात सोयरीक ठरली आहे, तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा बेत आहे आणि ‘हा आमच्या घरचा मामला आहे’ असे चुलत्याने आशाताईंना बजावले आहे. हा आरोग्याचा प्रश्न आहे का, कायद्याचा काही आधार आहे का आणि त्याच गावात राहून मी नेमके काय करू शकते, असे त्या विचारतात.

ताई, हा आरोग्याचाच प्रश्न आहे. बेळगावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हे अनेक वर्षे पाहत आले आहे. खोट्या प्रतिष्ठेपायी होणारी हिंसा वर्तमानपत्रात येते ती खून झाल्यावर. दवाखान्यात मात्र ती त्याच्या कितीतरी आधी येते, तीही अगदी साध्या तक्रारी घेऊन. अंगावर पांढरे जाणे, पाळी न येणे, चक्कर, पोटात गोळा, झोप नसणे, झटके, अशा या तक्रारी असतात. मुलगी एकटी कधीच येत नाही. सोबत आई, काकू किंवा वहिनी असते, भाऊ बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो आणि आपण मुलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबतची बाई देते. तुम्ही वर्णन केलेली मुलगी याच टप्प्यावर आहे. म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही, कारण लग्नाची तारीख जवळ येते तसा घरातला ताण वाढतो आणि दोन्ही बाजूंनी टोकाचे पाऊल उचलले जाण्याची शक्यताही वाढते.

आधी तिच्या शरीराविषयी लिहिते, कारण तुमच्या हातात तेवढे नक्की आहे आणि त्याला घरचे हरकत घेणार नाहीत. पाळी चुकली असेल तर पहिली तपासणी गरोदरपणाची; तिचा निकाल फक्त तिलाच सांगायचा, आईला नाही. वीस वर्षांची मुलगी सज्ञान आहे आणि तिच्या तपासणीचा निकाल ही तिची खाजगी बाब आहे. गरोदरपण नसेल तर इतक्या ताणात, जेवण तुटलेले असताना आणि वजन झपाट्याने उतरल्यावर पाळी बंद होणे हे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावल्याने घडते. हे बराच काळ चालले तर हाडांची घनता कमी होते. अशा वेळी पाळी आणण्याच्या गोळ्या देऊन मोकळे होणे सोपे असते, पण त्याने मूळ कारण झाकले जाते. हिमोग्लोबिन जरूर तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात आणि लोहाच्या गोळ्या द्याव्या लागतात. गोळ्यांच्या निमित्ताने तुम्हाला दर आठवड्याला तिच्या घरी जाता येईल, हा त्याचा आणखी एक उपयोग.

झटक्यांबाबत जास्त काळजी घ्यावी लागेल. कोंडून ठेवलेल्या, सतत दमदाटी सोसणाऱ्या मुलींना येणारे झटके पुष्कळदा मिरगीचे नसतात. डोळे घट्ट मिटलेले असतात, हातपाय एका लयीत न हलता कसेही हलतात, झटका बराच वेळ चालतो आणि बहुधा माणसे भोवती असतानाच येतो. याला घरचे ‘नाटक’ म्हणतात आणि काही डॉक्टरही मनातल्या मनात तेच म्हणतात. ते नाटक नसते. जे बोलता येत नाही ते शरीर बोलून दाखवते आणि त्यावर मुलीचा ताबा नसतो. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, आणि नीट तपासणी न करता मिरगीच्या गोळ्या सुरू झाल्या तर नुकसान होते, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, जे गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रीला शक्यतो देत नाहीत. दुसरी वाट देवर्षीकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे जाते. मुलाने करणी केली, भानामती केली म्हणून मुलीला उपाशी ठेवणे, चटके देणे, मिरचीची धुरी देणे असे प्रकार होतात. कर्नाटकात अमानवी अनिष्ट प्रथा आणि काळी जादू यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे आणि अघोरी उपचारांसाठी तो लावता येतो. तिसरी वाट अलीकडे वाढते आहे. ती म्हणजे ‘हिचे डोके फिरले आहे’ असे सांगून मुलीला मनोरुग्णालयात दाखल करायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम ३ स्पष्ट सांगते की एखाद्या व्यक्तीचे वागणे समाजाच्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची मदत तिला हवीच आहे, पण ती तिच्या दुःखासाठी, घरच्यांच्या सोयीसाठी नको.

आत्महत्येचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो अशी भीती अनेक आशाताईंना असते, पण तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले याचाच आधार वाटतो. खानापुरातला भात आणि चिक्कोडी-अथणीकडचा ऊस, दोन्ही पिकांमुळे आपल्याकडे घरोघरी कीटकनाशक आणि तणनाशक असते, तेही पडवीत किंवा पलंगाखाली. ते कुलपात ठेवायला सांगा. ‘लहान मुले आहेत’ हे कारण पुरते. तणनाशकातील पॅराक्वाटवर उतारा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी या सूचनेचे वजन कळेल.

विषाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट पीएचसीतील, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातील, नवीन डॉक्टरांसाठी लिहिते. ‘मुलीने विष घेतले’ असे सांगत घरचे तिला घेऊन येतात, तेव्हा कीटकनाशकाच्या विषबाधेवरचे अ‍ॅट्रोपिन सुरू करतानाच तिच्या तोंडात आणि अंगावर नीट पाहावे. ओठांच्या आतल्या बाजूला दातांनी झालेल्या जखमा, वरच्या ओठाला जोडणारा पापुद्रा फाटलेला, दात हललेला, हनुवटीपासून गळ्यावर आणि छातीवर सांडलेल्या द्रवाचे चट्टे, दंडावर बोटांच्या खुणा असे काही असेल तर विष घेतले की पाजले हा प्रश्न उभा राहतो. हे सगळे केसपेपरवर लिहावे, कपडे आणि पोटातील द्रवाचा नमुना जपून ठेवावा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करावी आणि ती शुद्धीवर असेल तर नातेवाइकांना बाहेर काढून तिचे म्हणणे ऐकावे. दंडाधिकारी येईपर्यंत थांबणे शक्य नसेल तर ती बोलण्याच्या स्थितीत आहे अशी नोंद करून डॉक्टरांनी स्वतः तिचा जबाब तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा. गळा दाबण्याचेही तसेच आहे. गळा दाबला तरी निम्म्याहून जास्त वेळा बाहेर खूण दिसत नाही. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल टिपके, नकळत लघवी होणे या गोष्टी विचाराव्या आणि पाहाव्या लागतात. मानेतील रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर काही दिवसांनीही अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. एकदा गळा दाबला गेलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणून अशा मुलीला ‘आराम करा’ सांगून त्याच घरी पाठवू नये.

खुनांचे आकडे या प्रश्नाचा आवाका दाखवत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ पासून ‘ऑनर किलिंग’ हा खुनाचा हेतू वेगळा नोंदवायला सुरुवात केली. त्या वर्षी देशात २८ खून नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, २५१. एका वर्षात समाज इतका बदलत नाही. नोंद कशी होते यावर हे आकडे हलतात. जी मुलगी ‘विहिरीत पाय घसरून’ किंवा ‘पोटदुखीला कंटाळून’ गेली, ती या मोजणीत कधीच येत नाही. गावाला ते माहीत असते. पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचांनाही माहीत असते.

ही हिंसा फक्त प्रेम करणाऱ्या मुलीवर होते असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच बेळगाव तालुक्यातील एका गावात, मुलगा मुलीला घेऊन पळून गेला म्हणून मुलीकडच्यांनी त्या मुलाच्या आईला घरातून ओढून काढले, विवस्त्र करून गावातून फिरवले आणि विजेच्या खांबाला बांधून मारले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्या बाईला तिथे राहायचे आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने बघ्यांच्या निष्क्रियतेवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि उपचार चालू असताना वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या बाईला कोणी भेटायला जाऊ नये असाही आदेश दिला. डॉक्टर म्हणून मला हा आदेश फार मोलाचा वाटतो. आघात झालेल्या स्त्रीच्या खाटेभोवती पुढारी, कॅमेरे आणि सहानुभूतीवाले गोळा होतात, तेव्हा तिला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागतो आणि तिची झोप, तिचा रक्तदाब, तिची सावरण्याची ताकद सगळेच ढासळते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी सोयरीक करण्याची रीत मराठी आणि कानडी दोन्ही भाषांच्या घरांत जुनी आहे. मुलीने मामाच्या मुलाला नकार दिला तर तो एका मुलाला दिलेला नकार राहत नाही. आईचे माहेर तुटते, भावकीत बोलाचाली होते, कधी जमिनीच्या वाटणीचे ठरलेले गणित बिघडते आणि या सगळ्याचा दोष मुलीबरोबर तिच्या आईवर येतो. मुलीला सर्वांत जोरात मारणारी पुष्कळदा आईच असते, हे मी पाहिले आहे, आणि तिच्या अंगावरही वळ असतात हेही पाहिले आहे. म्हणून तुमच्याकडे आलेल्या आईला शत्रू समजू नका. दोन महिने कोंडलेल्या मुलीला ‘गोळ्या द्या’ म्हणत का होईना, ती बाहेर घेऊन आली. तिला काय सांगायचे ते मात्र मुलीशी बोलल्यावरच ठरवा, आधी नाही.

तिच्याशी एकटीने बोलायचे कसे, ही खरी अडचण आहे. त्यासाठी आम्ही एक साधी रीत वापरतो. लघवीचा नमुना हवा म्हणून मुलीला सिस्टरबरोबर आत पाठवतो आणि तेवढ्या पाच मिनिटांत सिस्टर तिच्याशी बोलते. सोबतच्या बाईला त्याच वेळी केसपेपर काढायला किंवा औषधाच्या खिडकीवर पाठवता येते. प्रश्न मोजके आणि साधे असावेत. घरात कोणी मारते का? घरातून बाहेर पडता येते का? लग्नाला तुझी मर्जी आहे का? जिवाची भीती वाटते का, वाटत असेल तर कोणाची? तुला काय हवे आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. तिला त्या मुलाशी लग्न करायचे असेल, किंवा फक्त परीक्षा द्यायची असेल, किंवा काही काळ आत्याकडे राहायचे असेल. तिच्या वतीने आपण ठरवू नये. उत्तर मिळाले की तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहावे, तारीख आणि वेळ घालावी, अंगावरच्या खुणा आकृतीवर दाखवाव्यात. हा कागद पुढे न्यायालयात सर्वांत जास्त बोलतो. घरी नेण्याच्या कार्डावर मात्र यातले काहीही लिहू नये.

आता कायदा. मुलगी सज्ञान असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या माहेरच्या घरालाही लागू होतो, हे आपल्याकडे वकिलांनाही अनेकदा सुचत नाही. तो केवळ नवरा-सासूसाठी नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारे वडील, भाऊ, एकत्र कुटुंबातला चुलता हे सगळे त्यात येतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर घरातील स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते. या कायद्याच्या नियमांतील नमुना १ मध्ये, म्हणजे घटनेच्या अहवालाच्या छापील फॉर्ममध्ये, इच्छेविरुद्ध लग्न करायला भाग पाडणे, पसंतीच्या व्यक्तीशी लग्न करू न देणे, घराबाहेर जाऊ न देणे, कॉलेजला जाऊ न देणे हे सगळे हिंसेचे प्रकार म्हणून नावानिशी दिलेले आहेत. हा अहवाल संरक्षण अधिकारी भरतात. कर्नाटकात ते काम तालुक्याच्या सीडीपीओंकडे (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे) असते, म्हणजे तुमच्या अंगणवाडीताई ज्यांच्या हाताखाली काम करतात त्यांच्याकडेच. अर्ज आल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत ठेवायची असते, तातडी असेल तर दुसरी बाजू ऐकण्याआधीही दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यासाठी यातले कलम ४ महत्त्वाचे आहे. हिंसा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही.

कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. बळजबरीने लग्न लावण्यासाठी स्त्रीला पळवून नेणे कलम ८७ खाली येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० प्रमाणे उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले एसी साहेब, किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढून कोंडलेल्या व्यक्तीला समोर हजर करायला लावू शकतात. याहून वरचा मार्ग हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्यासाठीच्या अर्जाचा. त्यासाठी आपल्या जिल्ह्याला उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. मुलीला सीमेपलीकडे चंदगडला नेले असेल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंचही जवळ आले आहे. पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, महाराष्ट्रात जा’ असे उत्तर मिळाले तर ते मान्य करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाईल. सही करण्याआधी ती वाचून घ्यायचा आणि मराठीत समजावून घ्यायचा आग्रह धरावा आणि प्रत मागून घ्यावी, ती मोफत असते.

पळून गेलेल्या जोडप्यांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यातूनच एक महत्त्वाचा निकाल गेलेला आहे. मुलगी हरवल्याची तक्रार मुरगोड पोलीस ठाण्यात झाली होती. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्याचे कळवूनही तपास अधिकारी तिला जबाबासाठी ठाण्यातच बोलावत राहिले. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली. दोन सज्ञान व्यक्ती लग्नाला तयार असतील तर कुटुंबाच्या, समाजाच्या किंवा कुळाच्या संमतीची गरज नाही असे सांगितले आणि अशी प्रकरणे कशी हाताळावीत याचे पोलिसांना प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. त्याआधी २७ मार्च २०१८ च्या ‘शक्ती वाहिनी’ निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि धोक्यातील जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिलेले आहेत. निवाऱ्यात सुरुवातीला एक महिना आणि धोका पाहून वाढवत एक वर्षापर्यंत राहता येते. लग्न न झालेल्या जोडप्यालाही हा निवारा मिळतो. जिल्हा पोलीस प्रमुखांना अर्ज देताना या निकालाचा उल्लेख करावा, त्याने फरक पडतो.

एक धोका मात्र आधी तपासा. मुलाचे वय एकवीस पूर्ण आहे का ते त्याच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, मार्क्सकार्डावर पाहा. कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो आणि मुलासाठी ‘बाल’ म्हणजे एकवीसच्या आतला. अशा वेळी घाईने देवळात माळा घालून काही साधत नाही. दोघे सज्ञान असल्यास लग्नाशिवायही एकत्र राहू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे. मुलगा अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल आणि मुलीकडचे तसे नसतील, तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना झालेल्या त्रासासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. मुलगी अठराच्या आतली असती तर सगळेच वेगळे झाले असते. तेव्हा १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर कळवणे आणि पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, कळवण्याची सक्ती येते.

समजा, सगळे करूनही चंदगडला तिचे लग्न लागले, तरी दार बंद होत नाही. बळजबरीने लावलेले लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली रद्द करून घेता येते, मात्र दडपण संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि नंतर राजीखुशीने संसार केलेला नसावा लागतो. नको असलेले शरीरसंबंध लादले गेले असतील तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि गरजेनुसार एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध देता येते. गर्भ राहिला असेल तर तो ठेवायचा की नाही याला सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची, वडिलांची सही मागणारा दवाखाना बेकायदा मागणी करतो. आणि तिच्या मर्जीशिवाय कोणी तिचा गर्भ पाडला तर तो जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आहे. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घरच्यांनी जबरदस्तीने खाऊ घातल्या, अर्धवट गर्भपात झाला, चार दिवस रक्त जात राहिले आणि हिमोग्लोबिन पाच-सहावर आल्यावर मुलगी आमच्यापर्यंत आली, असे घडते. त्या रात्री तिचा जीव रक्ताच्या पिशव्यांवर तगतो आणि सोबतचे ‘कुणाला सांगू नका’ एवढेच म्हणत असतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे उत्तर लिहायला घेतले ती. तुमच्यावर समेट घडवून आणण्याचा दबाव येईल. चुलता, पंच, कदाचित ठाण्यातले कोणी म्हणेल की तुम्ही मुलीला समजावा, दोन्हीकडच्यांना बसवा, मिटवून टाका. यात पडू नका. पळून गेलेल्या मुलीला ‘सगळे विसरलो, थाटात लग्न लावून देतो, जत्रेला ये, आजी खाटेला लागली आहे’ असा निरोप येतो आणि ती आनंदाने परतते, तो काळ माझ्या अनुभवात सर्वांत धोक्याचा असतो. देशभरातल्या कितीतरी खुनांमध्ये मुलीला असेच गोड बोलून घरी बोलावलेले होते. सगळ्याच आईबापांचा निरोप खोटा असतो असे मी म्हणत नाही. अनेक घरे वर्षा-दोन वर्षांत खरोखरच निवळतात, नातवंडाचे तोंड पाहायला येतात. पण निवळले की नाही याची परीक्षा मुलीच्या जिवावर घ्यायची नसते. भेटायचेच असेल तर ती भेट सखी केंद्रात (हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांच्या सरकारी मदत केंद्रात), वकिलाच्या कार्यालयात किंवा दवाखान्यात व्हावी, तिथून ती तिच्या ठिकाणी परत जावी आणि रात्रीचा मुक्काम माहेरी नको. लिहून घेतलेल्या हमीपत्रांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पोलीस ठाण्यात ‘मुलीला त्रास देणार नाही’ असे लिहून देऊन तिला घरी नेतात आणि पुढे तिची चौकशी करायला कोणी जात नाही.

तुमची स्वतःची सुरक्षा हाही कामाचाच भाग आहे. तिचा निरोप त्या मुलापर्यंत पोहोचवू नका, स्वतःचा मोबाईल तिला देऊ नका, गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काही टाकू नका. हे तुम्हाला कठोर वाटेल, पण तुम्ही मध्यस्थ ठरलात की त्या घराचे दार तुम्हाला कायमचे बंद होईल आणि तिच्याकडे जाणारी एकमेव बाहेरची बाई हरवेल. तुमचे काम तिला दवाखान्यापर्यंत आणण्याचे. पुढचे फोन दवाखान्यातून होतील. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२, मोफत वकिलासाठी १५१००, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे नंबर तिला तोंडपाठ करायला सांगा, चिठ्ठीवर देऊ नका. आपण सीमेवर राहतो, म्हणून फोन लागताच आधी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगायचे हेही तिला सांगा. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सखी केंद्रात तिला पाच दिवसांपर्यंत राहता येते आणि तेवढ्या काळात पुढच्या निवाऱ्याची सोय बघता येते. घर सोडायची वेळ आलीच तर आधार कार्ड, मार्क्सकार्ड आणि बँकेचे पासबुक बरोबर असावे. ही कागदपत्रे घरच्यांनी आधीच कुलपात टाकलेली असतात, म्हणून ‘दवाखान्यात आधार कार्ड लागते’ असे आईला आताच सांगून ठेवा.

या आठवड्यात एवढेच करा. तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांना तोंडी कल्पना द्या, रेफरल चिठ्ठीवर ‘पाळी बंद, वजन घटले, झटके, पुढील तपासणीसाठी’ एवढेच लिहून घ्या आणि आईसकट मुलीला सकाळच्या ओपीडीत बेळगावच्या सिव्हिलला घेऊन या. तपासण्यांना दोनतीन फेऱ्या लागतील असे आईला आधीच सांगा, म्हणजे तिला पुन्हा बाहेर काढता येईल. लग्नाची तारीख पक्की झाल्याचे कानावर आले तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पुढे सीडीपीओंना ते लेखी कळवतील.